दोन डाव्या बाह्या

आमच्या दुकानात दोन माणसं काम करतात आणि त्यातलं एकच गोड बोलतं. ते मी नव्हे.

तो कापतो, मी शिवतो. एकतीस वर्षं झाली. त्याच्या कानामागे कायम खडूचा तुकडा असतो म्हणून त्याला सगळे खडू म्हणतात. मी तोंड उघडलं की समोरच्याला टोचतं म्हणून त्याने माझं नाव टाचणी ठेवलं. आमची खरी नावं आता फक्त पोस्टमनला माहीत आहेत.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काच, काचेला लागून त्याचं कापायचं टेबल, आत माझं मशीन, मधे आरसा आणि कपडे बदलायला एक पडदा. कोणी कोट शिवायला आलं की खडू अंगात आल्यासारखा उठायचा. गिऱ्हाइकाला तीनदा गोल फिरवायचा आणि मला हाक मारायचा, "टाचणी, इकडे ये. ह्यांचा डावा खांदा बघ, चांगलं अर्धं बोट खाली आहे. मजा येणार." तो माणूस आधी ओशाळायचा, मग हळूहळू खूश व्हायचा, कारण त्याच्या खांद्याकडे इतक्या कौतुकाने जन्मात कोणी बघितलेलं नसायचं. बस ड्रायव्हरचं जाकीट असलं तर त्याला स्टुलावर बसवून हवेतलं चाक फिरवायला लावायचा. माळी आला तर त्याला ओणवं व्हायला सांगायचा. मी मशीनवरून ओरडायचो, अरे माप घे, मुलाखत नको घेऊस. पण खरं सांगायचं तर सकाळी दुकानात जायला माझे पाय भरभर उचलत ते त्याच्या ह्या वेडेपणामुळेच. मला स्वतःला कापडाचं एवढं कौतुक कधी नव्हतं. त्याच्या शेजारी बसून ते मलाही वाटायचं.

पहिल्याच दिवशी त्याने एक पद्धत घालून दिली होती. म्हणाला, माणसाला स्वतःची चूक दिसत नाही आणि दुसऱ्याची लगेच दिसते, तर हा दुर्गुण आपण कामाला लावू. त्याने कापलेला प्रत्येक तुकडा मी तपासायचा आणि त्यावर निळ्या खडूने बारीक रेघ ओढायची. मी शिवलेलं त्याने तपासायचं आणि पांढरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा असल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जायचा नाही. एकतीस वर्षांत आमची चूक गिऱ्हाइकाने आधी काढली, असं एकदाही झालं नाही.

आणि मग गेल्या सहा महिन्यांत खडू गप्प झाला.

एकदम नाही. आधी पेपर मोठ्याने वाचून दाखवणं थांबलं. मग गिऱ्हाइकाला फिरवणं थांबलं. माप घेतो, पुटपुटतो, टेबलावर वाकून बसतो. मी एक-दोन टोमणे मारून बघितले, त्यावरही हसला नाही. एके दिवशी सकाळी मी चौकात उभा होतो आणि समोरच्या फुटपाथवरून तो येत होता. मी हात वर केला. त्याने सरळ माझ्याकडे बघितलं आणि पुढे निघून गेला. ओळख ना देख. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात आल्यावर तो काही बोलला नाही, म्हणून मीही बोललो नाही. तो अबोला धरणार तर मी काय त्याच्या मिनतवाऱ्या करू? माझ्या नाकावर माशी बसत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

बायकोने घरी खडूबद्दल विचारलं, भावजी हल्ली कसे आहेत. मी म्हटलं, शिष्ट झालेत. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारलंत का काही? की नुसतेच फुगून बसलात?" मी म्हटलं, फुगायला मी काय पुरी आहे, आणि विषय तिथेच संपवला.

अशातच एक दिवस दुकानात व्हायोलिन वाजवणाऱ्या एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, अंगाने किडकिडीत. त्यांच्या हातात काळ्या कापडाचा तुकडा होता. त्यांचे वडीलही वाद्यवृंदात वाजवायचे. त्यांनी कोटासाठी हे कापड घेऊन ठेवलं आणि कोट शिवायच्या आधीच ते गेले. बाईंचा निवृत्तीआधीचा शेवटचा कार्यक्रम शनिवारी होता आणि त्या दिवशी त्यांना ह्याच कापडाचा कोट घालून वाजवायचं होतं. आता असं कापड कुठे मिळत नाही, आणि तुकडाही जेमतेम होता. एरवी खडूने त्यांना दुकानात व्हायोलिन आणायला लावलं असतं आणि अख्खी गल्ली गोळा केली असती. ह्या वेळी त्याने मापं घेतली, कापड हातात धरून बराच वेळ चाचपलं आणि म्हणाला, गुरुवारी या.

कोट कापताना कापड दुहेरी घातलं की डावी आणि उजवी बाही आपोआप जोडीने निघते. कापड कमी असलं की एकेक बाही सुटी कापावी लागते आणि दुसरीच्या वेळी कागदी नमुना पालथा ठेवावा लागतो. पालथ्या बाजूला ओळखू यावी म्हणून लाल रेघ असते. एवढंच लक्षात ठेवायचं. शिकाऊ माणूसही ते विसरत नाही.

मंगळवारी दुपारी मी दोन्ही बाह्या शिवून, अस्तर लावून तयार केल्या. डावी कोटाला जोडली. उजवी जोडायला घेतली तर कोपराचा बाक मागच्या बाजूला. फिरवून बघितली, उलटून बघितली. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

आता ओरडायला मला कारण मिळालं होतं, आणि सहा महिन्यांचा साठाही होता. मी तो सगळा बाहेर काढला. शिष्टपणा, अबोला, लक्ष नाही, मन नाही, काम नको असेल तर तसं सांग. बाही त्याच्या टेबलावर आपटली आणि म्हटलं, ह्या बाईंना काय दोन डावे हात आहेत?

खडूने बाही उचलली. बघितली नाही, नुसती बोटं फिरवली. खांद्याच्या गोलाईवरून कोपराच्या बाकापर्यंत एकदा, मग परत एकदा.

"लाल रेघ मला दिसली नाही रे," तो म्हणाला. "मला आता फारसं काही दिसतच नाही."

मी उभा होतो तो खाली बसलो.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षभरापासून सगळं धुरकट दिसायचं. सहा महिन्यांपासून तर पेपरातली अक्षरंही विरघळून गेली होती. गिऱ्हाइकाचा खांदा कसा आहे हे त्याला हात लावल्याशिवाय कळत नव्हतं, म्हणून कौतुक बंद. त्याचे वडील बासष्टाव्या वर्षी आंधळे झाले होते आणि पुढे दहा वर्षं दारातल्या खुर्चीवर बसून होते. खडूला ह्या वर्षी बासष्ट पूर्ण झाली. डॉक्टरकडे का गेला नाहीस विचारलं, तर म्हणाला, डॉक्टरने सांगितलं की ते खरं होईल. त्याने सगळं मनाशी ठरवून टाकलं होतं. हा कोट शेवटचा, आणि पुढच्या महिन्यात लेकीकडे राहायला जायचं. तिचं गाव इथून रेल्वेने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर.

"तुला सांगणारच होतो," तो म्हणाला. "पण तूही बोलेनासा झालास. मला वाटलं, माझं काम बिघडतंय ते तुला कळलंय आणि भिडेपोटी तू गप्प आहेस."

खडू जाणार म्हणजे दुकानाचं काय होणार हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. मी एकटा त्या खोलीत बसलोय आणि डाव्या खांद्याचं कौतुक करायला कोणी नाही, एवढंच दिसलं. मला रडू आलं असतं, पण मला रडता येत नाही, मी लगेच चिडतो. मी चिडून म्हटलं, उद्या सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. तो नाही म्हणाला. मी पाय आपटले. तो नाहीच म्हणाला. एकदा नाही म्हणाला की त्याला हलवणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

तेव्हा मी थाप मारली.

म्हटलं, "मला एकट्याला जायची भीती वाटते. मलाही दिसत नाही."

तो वर बघायला लागला. मी म्हटलं, विचार कर ना, तू दोन डाव्या बाह्या कापल्यास, पण तपासल्या कोणी? निळी रेघ ओढली कोणी? दोन्ही शिवून, अस्तर लावून झाल्या तरी मला पत्ता नाही. एकतीस वर्षांत असं झालंय कधी?

थाप बोलता बोलता इतकी छान जमली की मलाच आश्चर्य वाटलं. खडू ताडकन उठला. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. तुला दिसत नाही आणि तू मशीन चालवतोस? सुई बोटातून गेली असती तर? आणि मला सांगितलं नाहीस? स्वतः एवढं मोठं लपवून ठेवलेला माणूस मला अर्धा तास झापत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी म्हणाला, उद्या आठ वाजता तयार राहा, मी तुला घेऊन जातो.

दवाखान्यात आम्ही दोघं एका बाकावर बसलो. मी गुपचूप दोघांची नावं लिहून दिली होती. नर्सने दोघांच्याही डोळ्यांत औषध घातलं, बुबुळं मोठी व्हायला. खडू म्हणाला, माझ्या कशाला. नर्स म्हणाली, नाव आहे तुमचं. त्याने माझ्या दिशेने मान वळवली, पण औषधामुळे डोळे मिटलेले, त्यामुळे नजरेचा मार तेवढा वाचला. त्याने उठायचा प्रयत्न केला, मी त्याची बाही धरून ठेवली. त्यानंतर मी बाही सोडलीच नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार बोलत नव्हत्या. खडूची हनुवटी यंत्रावर टेकवून त्यांनी एक डोळा बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला बघितला. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो आणि मला त्याचे काटे दिसत नव्हते.

"मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "उजवा पिकलाय, डावा पिकतोय. आतला पडदा चांगला आहे. पुढच्या आठवड्यात उजवा काढू."

खडूने विचारलं, "म्हणजे डोळे जाणार नाहीत?"

"कुठे जाणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याने वडिलांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, वडिलांना दाखवलं होतं का कुठे. खडू म्हणाला, नाही, कोणी दाखवलंच नव्हतं. मग त्याने चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याचे खांदे हलायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. मी सरळ नर्सच्या स्टुलावर बसलो.

थापेतली अडचण माझ्या लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं, हनुवटी टेकवायला लावली, आणि एका मिनिटात माझा निकाल लागला.

"तुमचे डोळे उत्तम आहेत. बारीक काम करता ना? खुशाल करा."

खडू माझ्या मागेच खुर्चीवर होता. बाहेर आल्यावर आम्ही परत त्याच बाकावर बसलो, कारण दोघांनाही समोरचं नीट दिसत नव्हतं. मग त्याने विचारलं, "मग त्या बाह्या?"

आणखी एखादी थाप मारता आली असती, पण त्या दिवसाचा साठा संपला होता.

मी म्हटलं, "मी बघितल्याच नाहीत. तुझ्यावर रुसलो होतो. तू तुकडे सरकवलेस, मी न बघता सगळ्यांवर रेघा मारल्या. शिवतानासुद्धा मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. त्या दिवशी चौकात मी तुला हात केला आणि तू सरळ बघून निघून गेलास."

तो आठवायला लागला. "औषधाच्या दुकानासमोर? तो तू होतास? मला वाटलं कोणीतरी बस थांबवतंय."

आणि खडू हसायला लागला. डोळ्यांतून औषध आणि पाणी गळतंय आणि हा हसतोय. बाकावरची माणसं बघायला लागली. मला हसू येत नव्हतं. सहा महिने हा माणूस माझ्यापासून चार पावलांवर आंधळा होत होता, पेपर नाकाशी धरत होता, कापड चाचपत होता, आणि माझे डोळे उत्तम होते. मी त्याला तसं सांगितलं, जसं आलं तसं, आणि म्हटलं, मला माफ कर. एकतीस वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले असतील. त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली, आधी एकदा चुकली, मग बरोबर बसली.

"ते राहू दे," तो म्हणाला. "उद्या ट्रायल आहे. कापड किती उरलंय?"

बसमध्ये त्याचं तोंड बंद झालं नाही. दोघंही धुरकट, एकमेकांचा दंड धरून चढलो आणि दुसऱ्याच नंबरच्या बसमध्ये बसलो हे तीन स्टॉपनंतर कळलं. पण खडूला त्याचं काय. त्याने उरलेल्या चिंध्यांचा हिशोब मनातच मांडला होता. बाही उसवायची. शिलाईच्या आत त्याने नेहमीसारखी भरपूर माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, ठेवली होती, ती सोडायची. बाहीच्या खालच्या तुकड्याला मागच्या शिलाईपाशी बोटभर कापड कमी पडेल. आतल्या खिशाची पट्टी दुसऱ्या कापडाची लावू आणि ती काढलेली पट्टी इथे पाचरीसारखी जोडू.

"टाचणी, बाई व्हायोलिनचा गज कुठल्या हातात धरतात?"

मी म्हटलं, उजव्या.

"मग झालंच की. पाचर येते काखेखाली. हात वर गेला की कापड तिथे मोकळं सुटेल. अरे, चूक झाली नसती तर आपल्याला हे सुचलं नसतं. मजा येणार."

तो शब्द ऐकला आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर काही दिसत नव्हतं, पण बघत राहिलो.

दुपारी औषध उतरल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा खडूची कापायची मोठी कात्री हातात घेतली. खडू माझ्या शेजारी उभा राहून बोटांनी रेघ दाखवत होता आणि मी कापत होतो. मी मधेच थांबलो की तो म्हणायचा, श्वास घे, कापड चावत नाही. तुकडे तयार झाल्यावर त्याने ते माझ्यासमोर सरकवले.

"आता खूण कर," तो म्हणाला. "बघून."

मी एकेक तुकडा उजेडात धरला. सुलटी बाजू, उलटी बाजू, लाल रेघ, कोपराचा बाक. चारचारदा बघितलं. मग निळ्या रेघा ओढल्या. संध्याकाळपर्यंत बाही शिवून लावली, आणि खडूने शिलाईवरून बोट फिरवून पांढरी रेघ ओढली, जरा वाकडी.

गुरुवारी बाई आल्या त्या व्हायोलिन घेऊनच आल्या, कारण खडूने सकाळी फोन करून तसं सांगितलं होतं. कोट चढवून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. खडू डोळे मिटून त्यांच्या बाजूला उभा होता, दोन बोटं कोटाच्या कडेला लावून, कुठे ओढ बसते का ते बघायला. दारात माणसं जमली. वाजवून झाल्यावर बाई म्हणाल्या, कोट अंगावर आहे हे मी मधे विसरलेच. आम्ही त्यांना बाहीची सगळी हकिगत सांगून टाकली, खडूचा तसा आग्रह होता. त्यांनी हात वर करून आरशात जोड शोधला, हसल्या आणि म्हणाल्या, वडिलांच्या जुन्या कोटाला पण ठिगळं होती.

पुढच्या आठवड्यात खडूच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याची लेक आली होती. बापाला न्यायला म्हणून जी बॅग आणली होती ती रिकामीच घेऊन परत गेली. मी आठ दिवस दुकानात एकटा बसलो. मधे एक उंच माणूस कोटाचं माप द्यायला आला, तेव्हा खडूसारखं काहीतरी बोलावं म्हणून मी त्याला म्हटलं, तुमची मान फार छान लांब आहे. तो परत आला नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी काच पुसत होतो. समोरच्या फुटपाथवर काळा चष्मा लावलेला एक माणूस येऊन थांबला. त्याने चष्मा वर केला, रस्त्यापलीकडून माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला.

माझ्या एका हातात बादली होती आणि दुसऱ्यात फडकं. मी बादली खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले, फडक्यासकट, आणि तो रस्ता ओलांडून येईपर्यंत खाली घेतले नाहीत. शेजारचा चहावाला नंतर म्हणाला, मला वाटलं तुम्ही बस थांबवताय.